मुरमाच्या वाटेवरची सायकल

काटोल रोडवर भल्या पहाटे उभं राहिलं, तर गोरेवाड्याच्या दिशेनं जाणारी सायकलस्वार मंडळी दिसतात. डोक्याला हेल्मेट, अंगाला चिकटलेले कपडे, मागे लुकलुकणारा लाल दिवा. नागपूरला हे दृश्य आता नवीन नाही. आपल्या शहराच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही स्पर्धा एकट्यानं पूर्ण केली, पुढच्याच वर्षी रशियातली नऊ हजार किलोमीटरची शर्यत पार केली. तेव्हापासून सायकल ही ज्याला स्कूटर परवडत नाही त्याची वस्तू, असं म्हणायची सोय राहिली नाही. नवीन आहे ते एवढंच, की यातले काही जण आता डांबर सोडून मुरमाच्या वाटेला लागतात. त्यांच्या सायकलीला ग्रॅव्हल बाइक म्हणतात. माझ्या भाच्यानं अशी एक घेतली आहे. किंमत त्यानं मला सांगितली नाही. बहिणीनं सांगितली, तीही हळू आवाजात.

ग्रॅव्हल म्हणजे खडी, मुरूम. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया गावी २००६ मध्ये कच्च्या रस्त्यांवरून दोनशे मैलांची एक शर्यत सुरू झाली, आणि तिथून हा प्रकार फोफावला. २०२२ मध्ये तर इटलीत त्याची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही झाली. शर्यतीच्या सायकलीसारखं खाली वळलेलं हँडल, पण टायर जाड, साधारण चाळीस मिलीमीटर रुंदीचे. चढासाठी हलके गिअर. आणि बांधणी अशी, की खडबडीत वाटेवर सायकल बावचळत नाही. भाच्यानं हे सगळं मला मोठ्या उत्साहानं समजावून दिलं. मी ऐकत होतो आणि मला आमचं दुकान आठवत होतं.

माझे अब्बा मोमिनपुऱ्यात सायकल दुरुस्तीचं दुकान चालवायचे. बी.ए. होईपर्यंत माझ्या संध्याकाळी तिथेच गेल्या. चाकाचा आऊट काढायचा, छर्रे बदलायचे, घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडा शोधायचा. आसपासच्या खेड्यांतून दुधाचे कॅन लादून येणाऱ्या गवळ्यांच्या काळ्या सायकली आमच्याकडे यायच्या. त्यांच्या टायरवर छापलेलं असायचं, २८ गुणिले दीड. दीड इंच म्हणजे अडतीस-चाळीस मिलीमीटरच झाले की! चाक तर भाच्याच्या सायकलीपेक्षा थोडं मोठंच. पुढचा चिमटा चांगला कललेला, म्हणजे खड्ड्याचा दणका हाताला कमी बसतो. पांदणीतून, बंडीच्या चाकोरीतून, धुऱ्यावरून ती सायकल पन्नास-साठ किलो ओझं घेऊन रोज धावत होती. फरक वजनाचा, गिअरचा आणि ब्रेकचा. तो मोठा फरक आहे, हे मान्य. पण कॅन्ससला जे सुचलं, ते आमच्या गवळ्यांकडे आधीपासून होतं.

आता वाटेविषयी. धरण-तलावांच्या भोवती अशा वाटा का असतात? पाणी स्वच्छ राहावं, गाळ कमी यावा, म्हणून पाणलोटातलं जंगल राखलं जातं. गोरेवाड्याचा तलाव १९१२च्या सुमाराचा, शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी बांधलेला. त्याच्यामुळे भोवतीचं जंगल शहर अंगावर येऊनही टिकलं. अंबाझरीच्या मागच्या गवताळ रानाचंही थोडंफार तसंच. मग त्या जंगलात वनखात्याच्या गस्तीचे रस्ते आले, वणवा अडवायला काढलेल्या जाळरेषा आल्या. आणि मोठ्या धरणांच्या बाबतीत आणखी एक प्रकार असतो: बुडालेल्या गावांचे जुने रस्ते. पेंच नदीवर नवेगाव खैरीचा जलाशय आहे, आपल्या नळाला येणारं बरंचसं पाणी तिथलं. अशा जलाशयाच्या काठानं जाताना एखादी चांगली रुंद बंडीवाट सरळ पाण्यात उतरते आणि संपते. सायकलवाला ब्रेक दाबतो, फोटो काढतो, वळतो. ज्यांची ती वाट होती, त्यांना मात्र वळता आलं नव्हतं.

जमीन कशी आहे हे मोटारीत बसून कळत नाही. नागपूरच्या पश्चिमेला दख्खनच्या काळ्या कातळाची शेवटची कड आहे. त्याचा झिजून झालेला मुरूम गोरेवाड्याकडे चाकाखाली कुरकुरतो, आणि उतारावर पुढचं चाक दाबून वळवलं की हमखास सरकतो. मार्चमध्ये सागाची पानं पडतात. ताटाएवढी ती पानं दगड झाकून टाकतात आणि कुरडईसारखी मोडतात. पावसाळ्यात मात्र जाऊच नये. काळी माती टायर आणि चिमट्याच्या मध्ये अशी भरते, की दोन लाखांची सायकल खांद्यावर घेऊन चालावं लागतं. सराट्याचे काटे बारमाही. नव्या टायरमध्ये ट्यूब नसते, आत दुधासारखा द्रव असतो, तो बारीक भोक आपोआप बुजवतो. मोठं भोक पडलं तर शेवटी ठिगळच! ‘पंक्चरवाला’ हा शब्द हल्ली आमच्या मुलांना टोमणा म्हणून ऐकावा लागतो. जंगलात सहा किलोमीटर आत ज्याची हवा गेली आहे, त्याच्या तोंडून मी तो शब्द अजून तशा सुरात ऐकलेला नाही.

मार्चच्या शेवटी आम्ही दोघं पारशिवनी तालुक्यात, जलाशयाजवळच्या एका गावाच्या वाटेवर होतो. गोंड वस्तीचा हा भाग, कुवारा भिवसेनचं ठाणं याच पाण्याच्या काठी आहे. मोहाचा हंगाम होता. समोरून एक साठीचे गृहस्थ जुनी काळी सायकल हातानं ढकलत आले, कॅरिअरवर आणि दांडीखाली मोहफुलांची पोती. आम्हाला पाहिलं आणि ते सायकलसकट वाट सोडून पळसाच्या झुडपात सरकले. मी म्हटलं, “बाबा, या ना, वाट आहे.” ते म्हणाले, “मले वाटलं साहेब लोकं आले.”

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. कारण कायद्याच्या पुस्तकात काय आहे पाहा. २००६चा वनहक्क कायदा. त्याचे नियम २००८ मध्ये आले. गौण वनोपज जंगलातून कसं न्यावं, हे सांगताना त्या नियमांत तीन गोष्टी होत्या: डोक्यावरचं ओझं, हातगाडी आणि सायकल. अक्षरशः सायकल! २०१२च्या दुरुस्तीत तिथे ‘योग्य वाहतुकीचं साधन’ असे अधिक मोकळे शब्द आले. म्हणजे जंगलाच्या वाटेवर ज्याच्या सायकलीचा हक्क कागदावर आलेला आहे, तो झुडपात. आणि हौसेनं आलेले आम्ही वाटेच्या मधोमध. हौसेला माझा विरोध नाही. तिकीट घेऊन, वेळ पाळून, बंदी असलेल्या क्षेत्राबाहेर राहून कुणी जंगल पाहत असेल, तर चांगलंच आहे. जिप्सीच्या धुरापेक्षा सायकल बरी. पण वाट आपल्यासाठी काढली आहे, असा रुबाब चाकावर चढायला वेळ लागत नाही. मोह वेचणारा माणूस तिथे पाहुणा नव्हे.

भाच्यानं त्या बाबांना विचारलं, टायरमध्ये हवा किती ठेवता? त्यांनी अंगठ्यानं टायर दाबून दाखवला. “पूर्ण नाही भरत. रिकामी राह्यली का दगडावर उडते. माल असला का थोडी जास्त भराव लागते.” भाच्याच्या मोबाइलमध्ये वजन टाकलं की हवेचा आकडा सांगणारं एक ॲप आहे. त्यानं तो मोबाइल खिशातच ठेवला आणि मुकाट्यानं आपला टायर अंगठ्यानं दाबून पाहिला. माझे अब्बाही असेच अंगठ्यानं सांगायचे.

निघताना बाबांनी एक गोष्ट सांगितली. या सायकली आवाज करत नाहीत. मोह वेचताना माणूस वाकलेला असतो, मान खाली, आणि वाघाचं भय सदाचं पाठीशी. मागून काही सरसरत आलं की काळीज जागेवर राहत नाही. ग्रॅव्हल बाइकला घंटी नसते, वजन वाढतं म्हणे! त्याच आठवड्यात मोमिनपुऱ्यातून मी एक पितळी घंटी आणली आणि भाच्याच्या हँडलला आवळली. आता पहाटे मोहाची झाडं दिसू लागली की तो ती दोनदा वाजवतो. झाडाखालून कुणीतरी “हो” म्हणतं.