जूनचा खर्च एप्रिलमध्ये
(नभोवाणीवरील भाषण)



डिचोली तालुक्यातील मुळगावासारख्या गावात शाळेचे वर्ष केव्हा सुरू होते, असा प्रश्न पूर्वी कोणी विचारला नसता. मृगाचा पाऊस आणि शाळेची घंटा यांची सोबत ठरलेली असे. तत्पूर्वी काजूचा हंगाम उरकलेला असे. वेचून वाळविलेल्या बिया वाण्याच्या तागडीत पडत आणि त्या पैशांतून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात छत्री, वह्या व गणवेशाचे कापड घेतले जाई. पगारदार माणूस नसलेल्या घराचे हे अंदाजपत्रक कोठे लिहिलेले नव्हते, परंतु ते सहसा चुकत नसे.

२०२५ साली गोव्यात सहावी ते दहावी आणि बारावीचे वर्ग ७ एप्रिल रोजी सुरू झाले. त्याचे गुणदोष शिक्षणतज्ज्ञ सांगतील. मला दिसते ते एवढेच की, एप्रिलच्या आरंभी बऱ्याच बिया अजून झाडावरच असतात. खर्च दोन महिने अलीकडे आला. उत्पन्न होते तेथेच राहिले.

अर्थात काजू हा येथे जोडधंदा. अनेक घरांचा मुख्य आधार खाणीचा होता. खाणीच्या मातीने शेते बिघडल्याचे मुळगावच्या शेतकऱ्यांचे गाऱ्हाणे जुनेच आहे. पण त्याच खाणीवर ट्रक चालवून कित्येकांनी मुलांच्या शाळा भागविल्या, हेही तितकेच खरे. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या. पुढे काही काळ त्या चालल्या. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चमध्ये त्या पुन्हा बंद पडल्या. लिलावानंतर डिचोलीचा खाणपट्टा सुरू होण्यास २०२४ साल उजाडले.

आता एका मुलाचा हिशेब मांडून पाहू. जे मूल २०१२ च्या जूनमध्ये पहिलीत बसले, ते न अडखळता गेले तर २०२० च्या जूनमध्ये नववीत आले. शिक्षणहक्काच्या कायद्याने दिलेले मोफत शिक्षणाचे अभय आठवीपर्यंतचे. म्हणजे बापाची फेरी थांबली तेव्हा ते पहिलीत होते, ट्रक पुन्हा उभा राहिला तेव्हा सहावीत, आणि कायद्याचे छत्र संपले त्याच महिन्यात शाळा घरातल्या मोबाईलवर येऊन बसली. मोबाईल तरी कसा? १ एप्रिल २०२० पासून त्यावरील वस्तू व सेवा कर बारावरून अठरा टक्के झालेला! योगायोगच म्हणावयाचा, पण ज्याच्या खिशाला तो भोवला त्याला हसू येण्याचे कारण नव्हते.

त्या वर्षी सत्तरी-सांग्याकडील मुले मोबाईलच्या लहरी शोधीत डोंगरावर जाऊन बसत. मुळगाव डिचोली शहराच्या शेजारचे. येथील अडचण निराळी, ती घरातली. मोबाईल एक, शिकणारी भावंडे दोन किंवा तीन, आणि तोच मोबाईल बापाला कामावर हवा. वाटणी करताना दहावीच्या मुलाचा क्रमांक पहिला लागे. धाकट्या बहिणीला रात्री जेवणे आटोपल्यावर, बॅटरी संपत आली असता, वहीत उतरवून घेण्यापुरता वेळ मिळे. तिने काय गमावले याची नोंद कोणत्याही प्रगतिपुस्तकात नाही.

ती आपत्ती ओसरली. सवय मात्र राहिली. गृहपाठ, सूचना, प्रकल्पाची चित्रे, सारे अजून मोबाईलवरच येते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली व खोडरबर यांवरील कर शून्य झाला, ही चांगली गोष्ट झाली. मोबाईल व संगणक मात्र अठरा टक्क्यांतच राहिले. शाळा ज्याला पाटी मानते, त्याला सरकारचा कर अजून चैनीच्या रांगेत उभा करतो, हे मला विसंगत वाटते. गृहआधाराचे दरमहा १५०० रुपये घराच्या खर्चासाठी असतात. अनेक माउल्या त्यातूनच हा मोबाईल चालू ठेवतात.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांनी खेडोपाडी प्राथमिक शाळा नेल्या. या शतकाच्या आरंभी ‘सायबरएज’ योजनेखाली उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांच्या घरी संगणक गेले. परंतु यंत्र देणे सोपे, सांभाळणे कठीण. पाटी फुटली तर चार पैशांत दुसरी येई. यंत्राची बॅटरी गेली की ते कपाटावर जाते आणि त्यावर देव्हाऱ्यातल्यासारखा रुमाल पसरतात.

म्हणून घरोघर यंत्र वाटण्यापेक्षा शाळेच्या वाचनालयातून पुस्तकासारखे ते वर्षभरासाठी द्यावे, दुरुस्ती शाळेकडे असावी, आणि संगणकाची खोली दिवेलागणीपर्यंत उघडी राहावी, असे मला सुचवावेसे वाटते. वरच्या वर्गातल्याची पुस्तके निम्म्या किमतीत घेण्याची जुनी रीतही अभ्यासक्रम बदलताना तुटते. ती शाळेनेच चालवावी. पैसा कोठून, असे कोणी विचारील. २०१५ च्या कायदादुरुस्तीने खाणबाधितांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठान आले, आणि त्याच्या निधीच्या अग्रक्रमात शिक्षण स्पष्टपणे आहे. खाणीची माती गावाने पाहिली आहेच.

ग्रामसभा रविवारी भरते. विषय मांडण्यास एक साधा अर्ज पुरतो, आणि तो मराठीत लिहिला तरी चालतो.