काळीज पुन्हा वाढतं
(सहायक मंडळींच्या सभेत दिलेलं भाषण)



आपण ‘काळीज’ म्हणतो आणि हात छातीवर ठेवतो. मटणवाल्याकडे काळीज मागितलं की तो यकृत देतो, आणि तोच बरोबर आहे! विलापगीताच्या दुसऱ्या अध्यायात लेखक आपल्या लोकांसाठी रडतो, तिथेही अकराव्या वचनात मूळ इब्री शब्द यकृताचाच आहे. आज त्याच काळजाविषयी बोलते.

पावसाळा सरता सरता एका पाड्यावर चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा पाहिला. डोळे पिवळे, पोटावर डाग दिलेले. बारा दिवस फक्त उसाचा रस आणि भाताची पेज. डाळ नाही, तेल नाही, हळद तर नाहीच. आई म्हणाली, “ताई, काळजाला आराम देतोय.” त्यात आपल्याच एका विश्वासी भावानं उपास-प्रार्थना सांगितली होती, आणि उपास कुणी करायचा, तर आजारी मुलानं!

काळीज आराम करत नाही. 1931 मध्ये अमेरिकेत हिगिन्स आणि अँडरसन यांनी उंदरांच्या यकृताचा दोन-तृतीयांश भाग काढला. उरलेला भाग साधारण आठवड्या-दीड आठवड्यात वाढून मूळ वजनाला आला. माणसातही, नातेवाइकाला यकृताचा तुकडा देणाऱ्याचं यकृत काही महिन्यांत बरंचसं भरून येतं.

हे कसं होतं? आपल्या उपासनेत प्रत्येकाच्या हातात गीतांचं पूर्ण पुस्तक असतं, पण सांगितलं तेच गीत आपण गातो. पेशींचं तसंच आहे. जनुकं सगळ्यांकडे तीच. कुठली कधी वाचायची हे ठरवावं लागतं. यकृताच्या पेशी एरवी क्वचितच विभागतात. इजा झाली की काही तासांत शंभराहून जास्त जनुकं जागी होतात. आणि हे चालू असताना रक्त गोठवणारी प्रथिनं बनवणं, साखर सांभाळणं, विषारी अमोनिया काढणं, काहीच थांबत नाही. दुकान उघडं ठेवून भिंती बांधायच्या!

गीत कोणतं हे सांगतं कोण? बऱ्याच अंशी आपला चयापचय. यकृत कमी पडलं की रक्तातली साखर घसरते, शरीर साठवलेली चरबी सोडतं, आणि थोडा काळ ती उरलेल्या यकृतात जमते. आतड्यातून परत येणारी पित्ताम्लंही इशारा देतात. प्रयोगात उंदरांना वरून साखर दिली तर वाढ मंदावली. अंगावर चरबी जवळजवळ नसलेल्या एका जातीच्या उंदरांतही ती मंदावलेली दिसली.

आता कुणी घरी जाऊन साखर बंद करू नका, किंवा उपासही धरू नका. हे उंदरांवरचे प्रयोग आहेत. पण चरबी नसलेल्या उंदरांचं वाचलं आणि मला तो मुलगा आठवला. आमच्या पाड्यांवरच्या पोरांच्या अंगावर साठा असतोच किती? शिवाय नव्या पेशी घडवायला प्रथिनं लागतात, ती उसाच्या रसात नाहीत.

म्हणून आम्ही आता घरोघरी सांगतो: काविळीत भूक असेल तसं थोडं थोडं, पण खायला द्या. डाळ, अंडं, शेंगदाणे, भाकरी, जे पचेल ते. पाणी उकळून प्या. डाग देऊ नका. रुग्ण गुंगीत जाऊ लागला, बरळू लागला, रक्ताची उलटी झाली, किंवा बाई गरोदर असेल, तर प्रार्थना गाडीत बसून करा; दवाखाना आधी.

दारूचं वेगळं बोलावं लागेल. मोहाच्या दारूनं यकृतात चरबी साठली असेल आणि माणसानं आताच सोडली, तर काही आठवड्यांत ती उतरू शकते. वर्षानुवर्षं पीत राहिला की आत व्रण पडतात आणि मग वाढायला जागाच मोकळी उरत नाही. दारू सोडलेल्या पुरुषाच्या ताटात काय पडतं, हेही आम्ही म्हणूनच विचारतो. अशा यकृताला रात्रीचा लांब उपास सोसत नाही. झोपण्यापूर्वी थोडं खावं लागतं.

तो मुलगा बरा आहे. पहिल्या दिवशी त्यानं अर्धं अंडं खाल्लं आणि आई रडली, भीतीनं. तिसऱ्या दिवशी तिनं स्वतः डाळ शिजवली, हळद न घालता. हळदीवरून मी वाद घातला नाही.

या तिमाहीत आपली मदत डाळ, शेंगदाणे आणि रात्रीच्या गाडीभाड्यासाठी हवी आहे. पेटी दाराजवळ ठेवली आहे.