नेमाड्यांच्या कादंबऱ्या आणि माझा क्रम

आमच्या खडवलीला कसाऱ्याहून येणारी गाडी बहुधा भरूनच येते. एका हातात वरची कडी, दुसऱ्यात पुस्तक. भालचंद्र नेमाडे यांच्या कादंबऱ्या मी अशा उभ्यानेच वाचल्या. 'हिंदू' तेवढी घरी वाचली. ती काही एका हाताला पेलत नाही!

या सहा कादंबऱ्यांचा क्रम लावायची मला जुनी खोड. कसोटी एकच. लेखक हसवतो, पण ते हसू उलटून हसणाऱ्यावर येतं का?

पहिली अर्थातच 'कोसला', १९६३ची. पांडुरंग सांगवीकर बापाच्या पैशावर पुण्यात शिकायला जातो, पैसे उधळतो, हात हलवत गावी परततो. आपण हसत असतो, आणि मध्येच त्याची धाकटी बहीण मनी देवीच्या रोगानं जाते. हसू घशातच अडकतं.

दुसरी १९७५ची 'बिढार'. मुंबईत बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणारा चांगदेव पाटील आम्हा खडवलीकरांना आपलाच वाटतो. मुंबईनं आम्हाला नोकरी दिली, छप्पर नाही. पुढच्या 'जरीला', 'झूल' आणि 'हूल' यांत प्राध्यापकांचे कंपू आणि जातीची गणितं. हसू भरपूर, पण आपण प्राध्यापक नसलो की निर्धास्त हसतो. म्हणून या तिघी त्यांच्याखाली. 'हिंदू' २०१०मध्ये आली, तिला मी शेवटी बसवलं. पसारा फार, चिमटा कमी. नेमाड्यांना २०१४चं ज्ञानपीठ मिळालं, तरी मी तिला हलवलं नाही.

मग वडील अंथरुणाला खिळले. रात्री उशाशी बसून मी 'हिंदू' पुन्हा उघडली. मोहेंजोदडोच्या उत्खननावर गेलेला खंडेराव गावी निघतो, कारण त्याचा बाप शेवटच्या घटका मोजतोय. मी पुस्तक मिटलं. कॉलेजात एक वर्ष मी नापास झालो होतो. वडिलांनी फीबद्दल चकार शब्द काढला नव्हता. आणि त्याच वर्षी मी 'कोसला'तल्या बापावर पोट धरून हसलो होतो!

ते हसू त्या रात्री माझ्यावर उलटलं. वडिलांना सांगावं म्हटलं, तर त्यांना झोप लागली होती. पुढंही ते राहूनच गेलं.

आता 'हिंदू' दुसरी, 'बिढार' तिसरी. तुमच्या घरात कुणी 'कोसला' वाचून हसत असेल, तर त्याला हसू द्या. 'हिंदू' तो पुढं कधीतरी वाचेलच.