माशांचे घर
(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले, भाषणाची सवय नाही. पण माशांच्या टाकीविषयी मला पुष्कळजणी विचारतात, म्हणून उभी राहिले आहे.

माझ्या सासूबाईंना अर्धांगवायू झाला, तेव्हापासून त्या खाटेवर आहेत. समोर भिंत आणि कॅलेंडर. त्यांचे मन रमावे म्हणून मी गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत काचेचे एक गोल भांडे आणि दोन सोनमासे आणले. भांडे पोटाशी दहा इंच रुंद, तोंडाशी पाच. दिसायला फार गोड. मी ते गळ्यापर्यंत भरले. भरलेले भांडे बरे, हा आपला बायकांचा हिशेब!

चैत्रात ऊन तापले. मासे सारखे वर येऊन तोंड उघडू लागले. मला वाटले, भूक लागली; मी आणखी दाणे टाकले. सासूबाईंची जीभ जड झाली आहे, तरी त्या म्हणाल्या, "भूक नव्हे गं, धाप." मी ते हसण्यावारी नेले. दोन दिवसांनी एक मासा उलटा तरंगत होता. सकाळी प्रथम पाहिला तो त्यांनीच. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

मग मी चौकशी केली. पाण्यात प्राणवायू शिरतो तो मुख्यतः वरच्या उघड्या भागातून. चंबूतले गरम पाणी निवत नाही, परातीत ओतले की निवते, तसेच हे. तोंड निम्मे रुंद म्हणजे उघडा भाग निम्मा नव्हे, चौथाई! त्यातून पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो, आणि आपल्या सोलापूरचा उन्हाळा मी तुम्हांला काय सांगावा? सोनमासा घाणही फार करतो. सात-आठ लिटर पाण्यात ती कितीशी जिरणार?

नवी टाकी घेताना ह्यांना उंच टाकी पसंत पडली. कोपऱ्यात मावते म्हणून. मी खडूने फरशीवर आखून दाखवले. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत सुमारे 56 लिटर पाणी मावते. तीच उभी केली तरी पाणी तेवढेच, पण उघडा भाग अर्धा. शिवाय तळ धुवायला खांद्यापर्यंत हात घालावा लागेल तो माझा! हे मुकाट्याने कबूल झाले.

लहानपणी मी मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय पाहिले होते. 1951 साली उघडलेले ते मत्स्यालय पुढे बंद झाले. तिथे सपाट काचेमागे मासे कसे स्वच्छ दिसत! गोल काचेतून मासा फुगलेला, वेडावाकडा दिसतो. सासूबाईंना त्याने गरगरत असे.

भरलेल्या टाकीचे वजन साठ किलोच्या वर जाते, तेव्हा टेबल दणकट हवे आणि खाली थर्मोकोल. जागा खिडकीपासून दूर, उन्हाबाहेर. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून मी दोन बादल्या आधीच भरून उघड्या ठेवते. क्लोरीनही उडून जातो. आठवड्याला चौथाई पाणी बदलते, सगळे कधीच नाही.

टेबलाची उंची मात्र सासूबाईंनी बोटाने दाखवली, खाटेवरून नजर सरळ जाईल अशी. उरलेला मासा आणि नवा जोडीदार, दोन्ही ठीक आहेत. कोणाला टाकी पाहायची असेल तर जरूर यावे, पण चारनंतर. तोवर सासूबाई झोपलेल्या असतात, आणि माशांची माहिती त्यांनाच सांगायची असते.