ए-वन-सी : एका तपासणीचे एकच माप

दशमान वजनमापे येण्यापूर्वी एका महालाची पायली दुसऱ्या महालाच्या पायलीशी जुळत नसे, हे आपण वडीलधाऱ्यांकडून ऐकले असेल. धान्य तेच, आकडा मात्र निराळा. मधुमेहाच्या एका महत्त्वाच्या तपासणीची अवस्था १९९० नंतरच्या काही वर्षांपर्यंत अशीच होती.

रक्ताला तांबडा रंग देणारे हिमोग्लोबिन हे प्रथिन आहे. रक्तात साखर जितकी अधिक, तितकी ती या प्रथिनाला अधिक चिकटते. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. म्हणून साखर चिकटलेल्या हिमोग्लोबिनचे, अर्थात ए-वन-सीचे, प्रमाण मोजले की मागील दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज येतो. आदल्या दिवशी गोड वर्ज्य करून हा आकडा सुधारत नाही!

मात्र ते मोजण्याच्या पद्धती अनेक, आणि त्यांचे आकडे परस्परांशी जुळत नसत. अमेरिका व कॅनडातील १,४४१ रुग्णांच्या दीर्घ पाहणीचे निष्कर्ष १९९३ साली प्रसिद्ध झाले. हा आकडा ७ टक्क्यांच्या आसपास राखल्यास डोळे, मूत्रपिंडे व मज्जातंतू यांची हानी पुष्कळ टळते, असे त्यातून दिसले. पण कोणत्या मापाने ७? एखाद्या गावच्या यंत्रावरील ७ म्हणजे पाहणीतील ७ नव्हे. आणि औषधाची मात्रा तर त्या आकड्यावरच ठरावयाची. तेव्हा सर्व यंत्रांची मापे त्या पाहणीतील मापाशी जुळवून घेण्याचे कार्य अमेरिकेत १९९६ मध्ये सुरू झाले.

पुढे चिकित्सा-रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने अधिक काटेकोर संदर्भपद्धती सिद्ध केली. ती नेमका इष्ट अंशच मोजते. त्यामुळे जुने ७ टक्के तिच्या हिशेबी ५.३ टक्केच भरतात. असा आकडा हाती पडता तर रुग्णाने रोग हटला असे समजून औषध सोडले असते. म्हणून या मापाला निराळे एकक देण्यात आले. त्यात ७ टक्क्यांच्या जागी ५३ आणि ६.५ टक्क्यांच्या जागी ४८ येतात. अहवालात असे मोठे आकडे दिसल्यास घाबरू नये, एकक पाहावे.

यंत्र प्रमाणित असले तरी रक्तच निराळे असेल तर माप फसते. विदर्भात आणि गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात आढळणाऱ्या सिकलसेल रोगात तांबड्या पेशी अल्पायुषी असतात. साखर चिकटण्यास अवधीच मिळत नाही आणि आकडा खोटाच कमी येतो. लोहाच्या कमतरतेने तो वाढलेला दिसू शकतो. असा विकार असल्यास, किंवा नुकतेच रक्त चढविले असल्यास, नमुना देतानाच डॉक्टरांना सांगावे.