मालक दिसत नाही, पण आहे



दुचाकीवरून घरोघर जेवण पोहोचविणाऱ्या तरुणाला कंपनी ‘भागीदार’ म्हणते. शब्द मोठा गोड आहे. परंतु दर कंपनी ठरविते, काम कंपनी वाटते, आणि एखाद्या सकाळी त्याचा आयडी बंद झाला तर दाद कोणाकडे मागावी हेही त्याला कळत नाही. नफ्यात वाटा नाही, निर्णयात आवाज नाही. पेट्रोल, गाडी आणि अपघात मात्र त्याचे. ही कसली भागीदारी? ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये उबरच्या खटल्यात हाच पडदा दूर सारला आणि तेथील चालकांचा किमान वेतनाचा व भरपगारी रजेचा हक्क मान्य केला.

भारतात अशा कामगारांची संख्या २०२०-२१ साली ७७ लाख होती, असा नीती आयोगाचा अंदाज आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने त्यांची दखल घेतली. कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम कल्याणनिधीत भरावयाची आहे. मात्र कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्के ही तिची कमाल मर्यादा. हे पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु हीच संहिता त्यांना पारंपरिक मालक-नोकर संबंधाबाहेर ठेवते. म्हणजे विम्याची आशा आहे, मजुरीची हमी नाही.

महाराष्ट्राला याचे उत्तर परके नाही. माथाडी कामगारालाही एक मालक नव्हता; आज या गाळ्यावर, उद्या त्या. १९६९ च्या माथाडी कायद्याने मालक शोधण्यात वेळ दवडला नाही. त्रिपक्षीय मंडळ नेमले, कामगार व मालक या दोघांची नोंदणी केली, मजुरी मंडळामार्फत दिली आणि मजुरीवर लेव्ही बसवून भविष्यनिर्वाह निधी उभा केला. आज तर प्रत्येक फेरीची नोंद यंत्रात आपोआप होते. वसुली अधिकच सोपी. राजस्थानने २०२३ साली प्रत्येक व्यवहारावर शुल्काची तरतूद केली. कर्नाटकाच्या २०२५ च्या कायद्याने काम बंद करण्यापूर्वी लेखी कारण व १४ दिवसांची नोटीस आवश्यक ठरविली.

परंतु माथाडी कायदा आकाशातून पडला नाही. अण्णासाहेब पाटील यांच्यासारख्यांनी हमालांची संघटना बांधली, तेव्हा तो आला. हमाल बाजारात एकत्र भेटत. हा तरुण उपाहारगृहाच्या दाराशी, एकटा, मोबाइलकडे पाहत उभा असतो. कार्यकर्त्यांनी त्याला तेथेच गाठले पाहिजे.