हक्काची सुट्टी आणि पाळीचा हिशेब
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विवाह, विद्या आणि व्यवसाय या तीन विषयांवर या व्यासपीठावरून आजवर पुष्कळ बोलले गेले आहे. आज मी सुट्टीविषयी बोलणार आहे. हा विषय ऐषारामाचा वाटेल; परंतु आपल्या समाजातील अनेक कुटुंबांनी निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या रकमेतून, किंवा मुलांच्या पगारातून हप्ते बांधून, पर्यटनगृहांची दीर्घ मुदतीची सभासदत्वे घेतली आहेत, आणि आणखी काही कुटुंबे घेण्याच्या विचारात आहेत. जेथे कष्टाचा पैसा गुंततो, तेथे विचार करणे हे मंडळाचे कर्तव्यच होय.

या पद्धतीला टाइमशेअर म्हणतात. एका पर्यटनगृहातील खोल्यांचा वापर अनेक कुटुंबांनी वर्षाच्या दिवसांत वाटून घ्यावयाचा, ही तिची मूळ कल्पना. युरोपात ती १९६० नंतरच्या दशकात रुजली. १९६३ साली स्थापन झालेल्या स्वित्झर्लंडमधील हापिमाग या संस्थेने ठराविक आठवड्याऐवजी पॉइंट देण्याची रीत पाडली. आपल्याकडे स्टर्लिंग ही कंपनी १९८६ साली आणि महिंद्र हॉलिडेज १९९६ साली निघाली. क्लब महिंद्रच्या पंचवीस वर्षांच्या सभासदत्वात वर्षाला सात दिवस मिळतात, आणि वर्षाचे दिवस जांभळा, तांबडा, पांढरा व निळा अशा चार रंगांच्या हंगामांत विभागलेले असतात. जांभळा सर्वांत गर्दीचा व महाग, निळा सर्वांत स्वस्त. पॉइंटांच्या पद्धतीत हेच तत्त्व आकड्यांनी मांडलेले असते. दर वर्षी आपल्या खात्यावर ठराविक पॉइंट जमा होतात; खोली मोठी, हंगाम गर्दीचा किंवा दिवस शनिवार-रविवारचा असला, की त्याच मुक्कामाला अधिक पॉइंट खर्ची पडतात.

येथवर सारे सरळ आहे. अडचण येते ती पुढे. पॉइंट खात्यावर शिल्लक असतात, वार्षिक देखभाल शुल्क भरलेले असते, आणि दिवाळीच्या सुट्टीत खोली मागितली की ‘जागा नाही’ असे उत्तर येते. सभासदाला वाटते, आपली फसवणूक झाली. कधी ती झालेलीही असते. परंतु पुष्कळदा हा साधा अंकगणिताचा परिणाम असतो.

हे अंकगणित आपल्या जिल्ह्याला शिकवावयास नको. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, आणि प्रवरेच्या डाव्या-उजव्या कालव्यांनी संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरीकडील शेती भिजू लागली. तेथील शेतकरी नमुना नंबर ७ वर पाण्याची मागणी करतो, ती मंजूर होते, आणि तरीही तो शेजपाळीत आपला नंबर येईपर्यंत बांधावर वाट पाहतो. पाण्याचा हक्क ही एक गोष्ट आणि पाण्याची पाळी ही दुसरी, हे तो जाणतो. सर्वांची पिके एकाच आठवड्यात सुकू लागली, तर कालवा कितीही भरून वाहो, त्या आठवड्यात सर्वांना पुरत नाही. आणि पहिली झळ लागते ती पुच्छभागाच्या शेतकऱ्याला. पॉइंटांचे सभासदत्वही असेच आहे. आपण विकत घेतो ती खोली नव्हे; आपण विकत घेतो तो रांगेतील एक नंबर.

एक कल्पित उदाहरण घेऊ. पन्नास खोल्यांचे एक पर्यटनगृह आहे. वर्षाच्या ३६५ रात्री धरल्या तर एकूण १८,२५० रात्री होतात. प्रत्येक कुटुंबास सात रात्री दिल्या, तर सुमारे २,६०० कुटुंबांना सभासद करून घेता येते. आता दिवाळीच्या सुट्टीचे तीन आठवडे धरा. त्या काळात प्रत्येक खोली तीन कुटुंबांना, म्हणजे सर्व खोल्या मिळून १५० कुटुंबांना देता येतील. उन्हाळ्याचे सहा आठवडे मिळविले, तर आणखी ३००. म्हणजे २,६०० पैकी जेमतेम ४५० कुटुंबांना शाळेच्या सुट्टीत जागा मिळणे शक्य आहे, सहांपैकी एकाला. उरलेल्या पाचांना पावसाळ्यात, परीक्षांच्या दिवसांत किंवा आठवड्याच्या मधल्या वारी जावे लागणार. व्यवस्थापन प्रामाणिक असले तरी हा हिशेब बदलत नाही. मग सहांपैकी तो एक कोण? ज्याने नियम वाचून वेळेवर मागणी नोंदविली तो.

म्हणून ज्यांनी सभासदत्व घेतले आहे, त्यांच्यासाठी काही गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, नोंदणी किती दिवस आधी खुली होते ते करारातून शोधून ती तारीख घरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. अमेरिकेतील डिस्ने व्हेकेशन क्लबमध्ये स्वतःच्या मूळ पर्यटनगृहासाठी अकरा महिने आधी, तर इतर ठिकाणांसाठी सात महिने आधी नोंदणी खुली होते. ज्याला हा चार महिन्यांचा फरक ठाऊक आहे, तो मूळ ठिकाण विचारपूर्वक निवडतो. आपल्या कराराचे आकडे वेगळे असतील. परंतु असा काही अग्रहक्क आहे काय, हे पाहिलेच पाहिजे.

दुसरी गोष्ट, गर्दीच्या दिवसांचा हट्ट शाळकरी मुलांच्या घरांनी धरावा; तो त्यांचा नाइलाज आहे. निवृत्त दांपत्यांनी रविवार ते गुरुवार असा मुक्काम करावा. तेवढ्याच पॉइंटांत मुक्काम लांबतो आणि जागाही सुलभ मिळते.

तिसरी गोष्ट, प्रतीक्षा यादीत नाव घालून स्वस्थ बसू नये. नोंदणी रद्द करताना ज्या दिवसापासून दंड लागतो, त्याच्या आधीच्या दोन-चार दिवसांत अनेक सभासद आपली जागा सोडतात. त्या दिवसांत रोज चौकशी करणाऱ्यास जागा मिळण्याचा संभव अधिक.

चौथी गोष्ट, वापर न झालेले पॉइंट पुढील वर्षी नेता येतात काय, आणि त्यासाठी कोणत्या तारखेपूर्वी कळवावे लागते, हे जाणून घ्यावे. आवर्तन सुटले असता दार न उघडणाऱ्याचे पाणी पुढे वाहून जाते, पॉइंटांचेही तसेच.

आता ज्यांनी अद्याप सही केलेली नाही, त्यांच्याशी दोन शब्द. हॉटेलात जेवणास बोलावून, भेटवस्तू देऊन, ‘ही किंमत आजच्या आज’ असे सांगितले जाते. ज्या व्यवहाराची मुदत पंचवीस वर्षांची, त्याला विचारासाठी पंचवीस तासही मिळू नयेत, हेच सावध होण्यास पुरेसे कारण आहे. विक्रेत्यास एवढेच सांगावे: ‘येत्या दिवाळीची आणि मे महिन्याची शिल्लक जागा आत्ता माझ्यासमोर दाखवा.’ देखभाल शुल्क दर वर्षी किती वाढू शकते, आणि सभासदाच्या पश्चात वारसांकडे हक्कासोबत देणेही जाते काय, हेही लेखी घ्यावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, सुट्टीचा हक्क हा ठेवीसारखा समजू नये. मुंबईच्या पॅनकार्ड क्लब्ज या कंपनीने खोल्यांच्या रात्री विकल्या आणि मुदतीअखेर वाढीव रक्कम मिळेल अशा योजना चालविल्या. ही सुट्टी नसून सामूहिक गुंतवणूक आहे, असे ठरवून सेबीने फेब्रुवारी २०१६ मध्ये पैसे परत करण्याचा आदेश दिला. रक्कम होती ७,००० कोटींहून अधिक, आणि गुंतवणूकदार ५० लाखांवर. त्यांत महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय आणि कष्टकरी कुटुंबे फार मोठ्या संख्येने होती, आणि आदेशानंतरही त्यांना वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली. खोली वापरावयाची नसून रात्री केवळ साठवावयाच्या, असे कोणी सांगू लागला की तेथून उठावे.

सेवेत त्रुटी राहिल्यास मार्ग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. मुंबई किंवा चेन्नई गाठावी लागत नाही. तक्रारीची मुदत मात्र दोन वर्षांची आहे. जागा नाकारल्याचे प्रत्येक उत्तर तारखेसह जपून ठेवावे, पुरावा तोच.

शेवटी मंडळास एक विनंती करतो. कार्यालयात एक वही ठेवावी. ज्या कुटुंबांकडे अशी सभासदत्वे आहेत, त्यांनी कोणत्या महिन्यात जागा मागितली, किती दिवस आधी मागितली, मिळाली की नाही आणि त्या वर्षी शुल्क किती भरले, एवढेच तीत लिहावे. दोन-तीन वर्षांत ती वही कोणत्याही विक्रेत्याच्या रंगीत पुस्तिकेपेक्षा अधिक खरे बोलेल, आणि सही करण्यापूर्वी ती चाळणाऱ्या ज्ञातिबांधवाची आयुष्यभराची शिल्लक वाचेल.